एकतीस नियमांचे मास्तर

आमच्या समोरच्या खोलीतल्या मास्तरांइतका नियमाला चिकटून राहिलेला माणूस मी पंच्याहत्तर वर्षांत पाहिला नाही, आणि माझं निम्मं आयुष्य एका हवालदाराच्या शेजारी गेलंय. मास्तर अंधेरीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरचं हार्डवेअर शिकवायचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात काय असतं ते. राहायचे इथे घाटकोपरला, एकटे. लग्न केलं नाही. एखादी तयार झाली असती तरी अटी वाचून परत गेली असती. मी डबे करायचे, त्यामुळे त्यांचं दोन्ही वेळचं जेवण माझ्याकडे. ताट हातात घेण्याआधी ते माझ्या लोखंडी कपाटाला बोट लावायचे. अंगातली वीज उतरते म्हणे. चिप हातात घेण्याआधी असंच करायचं, हा त्यांचा नियम होता. भाकरीला त्याची काय गरज, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “सवय मोडली की चिप जाते, मावशी.”

दर वर्षी कॉलेज उघडायच्या आधी ते मुलांना द्यायचा नियमांचा कागद तयार करायचे आणि पहिल्यांदा मला वाचून दाखवायचे. “तुम्ही चौथी शिकलेल्या. तुम्हाला कळलं तर इंजिनिअर होणाऱ्याला न कळायचं कारण नाही.” यात माझा मान होता की अपमान, ते मी विचारलं नाही. नियम एकतीस. तास सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी दार बंद. पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. लाल वायर फक्त विजेला, काळी फक्त जमिनीला, म्हणजे अर्थिंगला. भलत्या रंगाची लावली तर सगळं चालू झालं तरी अर्धे मार्क. वहीत चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. जोडीतल्या एकाने काम केलं आणि दुसरा बघत बसला, तर मार्क एकालाच. गैरहजर राहायचं तर आदल्या दिवशी कळवायचं. यावर मी म्हटलं, “मास्तर, ताप काय आदल्या दिवशी सांगून येतो?” दोन दिवस त्यांनी विचार केला आणि तो नियम बदलला. खाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘ही दुरुस्ती शेजारच्या मावशींनी सुचवली.’ कॉलेजात माझं नाव असं लागलं.

हे नियम फक्त मुलांना होते असं नाही. एकदा मेट्रो अडकली आणि मास्तर स्वतःच पाच मिनिटं उशिरा पोचले. दार मुलांनी लावलेलं होतं, नियमाप्रमाणे. आतून मुलं “सर, या ना!” म्हणत होती आणि हा माणूस तास संपेपर्यंत बाहेर उभा. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा चेहऱ्यावर लाज नव्हती, समाधान होतं.

मग कॉलेजात पद्धत बदलली. कुठला विषय घ्यायचा ते मुलं ठरवणार, आणि पंधरा मुलं आली नाहीत तर विषय बंद. मास्तर निवृत्त झालेले, वर्षावर्षाच्या करारावर शिकवत होते. विषय गेला की तेही घरी. नावं आली नऊ. त्या दिवशी त्यांनी आमटीत मीठ नाही हेसुद्धा सांगितलं नाही.

मी म्हटलं, “एकतीस नियम वाचून कोण येणार तुमच्याकडे? पोरं शिकायला येतात की तुरुंगात?”

“कुठला काढू?”

“वाचा. मी सांगते.”

ते वाचत गेले, मी “काढा” म्हणत गेले. बाटली काढा, वायरचे रंग काढा, दार काढा. त्यांनी प्रत्येकावर एक रेघ मारली. चार उरले. नवा कागद लागला आणि बत्तीस मुलं आली. मी घावणे केले. स्वतःवर फार खूश होते मी.

पण मला एक कळलं नव्हतं. कागदात नाही त्यासाठी हा माणूस कुणाला बोलणार नव्हता. मुलं मदरबोर्डशेजारी चहाचे कप ठेवायला लागली. जोडीतला एक जोडायचा, दुसरा मोबाईल बघायचा. मास्तर घरी येऊन सांगायचे आणि मी तडकायचे, “अहो, मग ओरडा ना मेल्यांवर!”

“कशाच्या आधारावर? कागदात नाही.”

“कागद गेला चुलीत!”

“मग मी कोण, मावशी?”

एका मुलीने सगळ्या वायरी पिवळ्या लावल्या. कुठली कुठे गेली ते तिलाच कळेना, आणि बोर्डातून धूर निघाला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवून व्हिडिओ काढला. मास्तरांनी वीज बंद केली. वीस बोर्ड त्यांनी इतकी वर्षं जपले होते, एकेक पिन सरळ करून. परीक्षेपर्यंत सहा उरले. मुलांनी मात्र वर्षाच्या शेवटी, सर कसे वाटले त्या फॉर्मवर लिहून दिलं की सर कूल आहेत. तो कागद त्यांनी मला वाचून दाखवला. “मावशी, मी कूल आहे,” म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवला.

कॉलेज खूश. पुढच्या वर्षी दोन वर्ग घ्या म्हणाले. मास्तरांनी राजीनामा लिहिला, तोही आधी मला वाचून दाखवला. दोनच ओळी होत्या. काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. आता तिथे मुलं सगळं कॉम्प्युटरच्या पडद्यावरच जोडतात. पडद्यावर काही जळत नाही.

मास्तर आता दिवसभर घरी असतात. जेवायला येतात, वेळेवर. मला कधी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मीही चार सुनावले असते आणि मोकळी झाले असते. मी सहसा कुणाची माफी मागत नाही, नवऱ्याचीही मागितली नव्हती. पण परवा वाढता वाढता म्हटलं, “मास्तर, माझं चुकलं.”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. अगदी मनापासून विचार केला.

“कुठल्या नियमाखाली?” म्हणाले.

 आमटी गार होत चालली होती, ती मी त्यांना वाढली.