म्हसळ्याच्या वाचनालयात

वाचनालयात नोकरी म्हटल्यावर लोकांना वाटतं, हा माणूस दिवसभर वाचत असेल. छे हो! पन्नास सालानंतर बरीच वर्षं मी म्हसळ्याच्या वाचनालयात ग्रंथपाल होतो. वाचायला सवड कसली? माणसं पुस्तक परत द्यायला येत आणि टेबलाशी तासभर बोलत बसत. पुस्तकं तिथेच कपाटात राहिली, किस्से माझ्याबरोबर घरी आले.

*

रामा पाटलांची भातशेती. अक्षरओळख नाही, तरी दर आठवड्याला जाडजूड पुस्तक मागायचे. एकदा मी विचारलंच, "पाटील, तुम्हाला तर वाचता येत नाही!"

"मला न्हाय येत. सून वाचते, आन् सासू तांदूळ निवडता निवडता ऐकते."

"पण एवढं जाड कशाला?"

"पुस्तक संपलं की दोघींचं भांडण सुरू व्हतं!"

*

इब्राहिमचाचा उभी हयात बोटीवर खलाशी होते. म्हातारपणी रोज सकाळी येऊन एकच पुस्तक उघडायचे, जगाच्या नकाशांचं. शाळेतले एक गुरुजी थट्टेनं म्हणाले, "चाचा, रोज तेच?"

चाचांनी नकाशावरचं बोट हलवलं नाही. म्हणाले, "तेच कसं? काल एडनला होतो!"

*

एका रहस्यकथेची शेवटची पानं फाटली होती. लोक हैराण! आमचा शिंपी गणपत प्रत्येकाला शेवट सांगायचा, कपड्याचं माप घेता घेता. पुढे मी मुंबईहून नवी प्रत मागवली. आठवड्याभरात चौघांनी परत आणून आपटली.

"काय झालं?"

"शेवट चुकलाय! खुनी माळी निघतो म्हणे. गणपतचा वकीलच बरा होता!"

*

मुंबईच्या गिरणीतून रिटायर होऊन सखारामभाऊ गावी आले होते. घरात नवरा-बायको दोघंच. एकुलती मुलगी सहा वर्षांची असताना तापानं गेलेली. भाऊ संध्याकाळी ओटीवर बसून सावित्रीवहिनींना कादंबरी वाचून दाखवायचे. ती संपायच्या आतच भाऊ गेले.

तेरावं झाल्यावर वहिनी पुस्तक परत द्यायला आल्या. पुस्तक माझ्यापुढं ठेवलं, पण हात काढेनात.

"मास्तर, यातल्या पोरीचं लग्न ठरलंय. ह्यांनी तिथवरच वाचलं. लागलं का हो ते लग्न?"

ती कादंबरी मात्र मी वाचली होती. त्यातली पोर तिसऱ्याच प्रकरणात, लहानपणीच मरते. पुढे लग्न नाही, काही नाही.

मी म्हटलं, "बसा वहिनी."

पुस्तक मधेच उघडून डोळ्यांसमोर धरलं आणि वाचायला लागलो. दारात मांडव घातला. पोरीला हिरवा शालू नेसवला. बापानं कन्यादान केलं. मधूनमधून पानंही उलटली. वर्तमानपत्रं चाळणारे दोघे-तिघे वाचायचे थांबले.

वहिनी पदर डोळ्याला लावून ऐकत होत्या. "आईनं काय केलं?" त्यांनी विचारलं.

मी पान उलटलं. "आईनं पोरीची ओटी भरली. तिला जवळ घेऊन रडली."

मी पुस्तक मिटलं. वहिनी उठल्या, पदर सारखा केला. दारापर्यंत गेल्या आणि वळून म्हणाल्या,

"अगदी ह्यांच्यासारखं वाचता हो तुम्ही!"