डाव्या चाकाचे पॅड

आमच्या घरात यंत्राला हात लावायचा मान नवऱ्याचा आणि ते आणखी बिघडवायचा मानही त्याचाच. म्हणून त्याच्या गाडीचे ब्रेक किंचाळायला लागले तेव्हा ते काम मी अंगावर घेतलं. इथे आखातात तो नोकरीला सूर गावी, आम्ही दोन तासांवर अल् घुब्रात. गुरुवारी संध्याकाळी येतो, शनिवारी दुपारी परत जातो. तुला जमलं तर मिशा उतरवीन, म्हणाला. मग मी इरेलाच पेटले.

शुक्रवारी सकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मोबाइलवर व्हिडिओ लावून मी गाडी जॅकवर चढवली. सासूबाई पुण्याहून राहायला आल्या होत्या. त्या खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि सारख्या "अगं, गाडी पडेल" म्हणत होत्या. मी दोनदा खेकसले. उजवं चाक झालं. डाव्याचे नवे ब्रेक पॅड वर्तमानपत्रावर काढून ठेवले आणि पाणी प्यायला वर गेले. परत आले तर सासूबाई अगदी गप्प. मला बरंच वाटलं. एका पॅडच्या कडेला लालसर काहीतरी दिसलं; कंपनीचा रंग असेल म्हणून बसवून टाकलं. चाकं चढवली, पेडल घट्ट लागेपर्यंत दाबलं, गल्लीत एक फेरी मारली. गाडी थांबत होती. "खलास, जमलं तुला," नवरा इथल्या अरबांच्या थाटात म्हणाला. मिशा मात्र जागेवरच राहिल्या.

शनिवारी तो निघाला. चहा पिताना सासूबाई समाधानाने म्हणाल्या, आता गाडीची काळजी नको, मी पूजा केलीय.

"कसली पूजा?"

खंडेनवमीला अवजारांची करतो तशीच, त्या सांगायला लागल्या. पूजेचं सामान पिशवीतून खाली आणलंच होतं; नव्या वस्तूंना कुंकू लावलं. कोरडं वाऱ्याने उडत होतं म्हणून समईच्या तेलात कालवलं. मग तू रागावशील म्हणून लगेच पदराने पुसून टाकलं.

व्हिडिओतल्या माणसाने पुन्हा पुन्हा बजावलं होतं, पॅडला तेलाचं बोटसुद्धा लागता कामा नये, मग ते चाक ब्रेक धरत नाही. आणि सूरचा रस्ता कुरियात गावाच्या अलीकडे डोंगरातून लांबच लांब उतरतो.

फोन लावला. नुसताच वाजत राहिला. तो उचलणार नव्हताच. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हा नियम माझा, आणि तो पाळावा म्हणून मी त्याच्याशी कितीदा भांडले होते. मेसेज टाकला, तोही न वाचलेलाच. मी पुन्हा फोन लावला, पुन्हा लावला. खिडकीबाहेर ऊन पांढरं झालं होतं आणि घरात फक्त एसीचा आवाज होता. चहावर साय धरली. सासूबाईंनी विचारलं, उचलत नाहीये का. तोंड उघडलं असतं तर ओरडलेच असते. मला त्यांचा भयंकर राग आला होता. आणि त्यांनी ते माझ्या ओरडण्याला भिऊनच लपवलं होतं, हे कळत होतं म्हणून जास्तच येत होता.

शेवटी फोन वाजला. तोच होता, पण आवाज ओळखू येईना. उतारावर पुढच्या ट्रकमुळे जोरात ब्रेक दाबला, तर गाडी उजवीकडे, दरीच्या बाजूला ओढली गेली. कठड्याला घासत घासत थांबली. आता रस्त्याच्या कडेला उभा होता, म्हणाला.

"काय बसवलंस तू?"

सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणाले. "गाडी आता जराही हलवू नकोस. ओढून न्यायला रिकव्हरीची गाडी बोलाव."

मी फोन ठेवला. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "कुंकवाने होतं का गं असं?"

"कुंकवाने नाही हो आई, तेलाने."

"म्हणजे कोरडं चाललं असतं," त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या.