सोडून द्यायची गणितं

अन्याय झाला तो माझ्या मावसबहिणीवर आणि तिच्या सगळ्या वर्गावर. गेल्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी, शेवटच्या तासाला. शिष्यवृत्तीचा सराव पेपर वाटून सरांनी आठवीच्या मुलांना सांगितलं, "चांदणी, चौकोन असली चिन्हं दिसली की ते गणित सोडून द्यायचं. ती आपल्यासाठी नाहीत."

हे मला तिनेच सांगितलं, कापडे गावाच्या वरच्या वाडीत, मावशीच्या पडवीत. मी महाडहून सुट्टीला गेले होते. गावची शाळा आठवीला संपते. पुढे पोलादपूर, रोजची एसटी. मावशीने आधीच बजावलं होतं, "शिष्यवृत्ती आली तर जा. नायतर घरी शेळ्या हायेत."

माझं डोकं फिरलं. पत्रकं लिहायचा मला सराव आहे. मथळा लगेच सुचला आणि मी तो मोठ्याने म्हणून दाखवला.

"पत्रक नंतर काढ गो ताई," ती म्हणाली, "आधी गणित शिकव. परीक्षा आली."

मावशी भात पाखडत होती. "घे! हिला तुझ्यापेक्षा घाई हाय."

मी शाळेत असताना महाडच्या क्लासमध्ये आमच्याकडून ही गणितं घोटून घेतली होती. त्यात गूढ काही नाही. चांदणीला स्वतःचा अर्थ नसतो. प्रश्नातच दिलेलं असतं की चांदणी म्हणजे पहिल्या संख्येची दुप्पट अधिक दुसरी संख्या. मग तीन चांदणी चार किती? सहा अधिक चार, दहा. संपलं.

तिला ते पटेना. "म्हंजे कुणी कायपण ठरवायचं? मग उत्तर बरोबर कसं?"

प्रश्न रास्त होता. संध्याकाळी तिच्या मागे खाली गेले. कापणी झालेल्या खाचरात पोरं-पोरी क्रिकेट खेळत होती. खेळाआधी नियम ठरले: बांधाला लागला तर दोन रन, भाताच्या पेंढ्यांच्या उडवीत गेला तर औट. थोड्या वेळाने मालक ओरडला म्हणून सगळी वरच्या खाचरात गेली. तिथे बांधापलीकडे ओढा. चेंडू गेला की गेलाच. "इथं बांधाला लागला तर औट!" तीच ओरडली. कुणी वाद घातला नाही.

मी तिला बाजूला ओढलं. "खाली बांधाला दोन रन होते ना?"

"ते खालचं शेत. इथं इथला नियम."

"मग चांदणीचं काय वेगळं आहे?"

तेवढ्यात तिची बॅटिंग आली आणि ती पळाली. पण रात्री जेवताना म्हणाली, "दे अजून."

पुढच्या गणितात चांदणीचा नियम बदलला होता: दोन संख्यांचा गुणाकार, वजा पहिली संख्या. पाच चांदणी दोन. तिने बारा लिहिलं. पर्यायांत बारा होतंच, फसायला मुद्दाम ठेवलेलं. मी तोंड उघडायच्या आत तिने खोडलं. "थांब, शेत बदललं." आणि पाच लिहिलं.

सुट्टी संपल्यावर मी शाळेत गेले, भांडायच्या तयारीने. सर दोन वर्ग एकटे सांभाळतात.

"चुकलं तर गुण कापतात का, सर?"

"नाही."

"मग सोडायला का सांगितलंत?"

"पुस्तकात नाहीत ती, मॅडम. मलाही कुणी शिकवली नाहीत."

खरं बोलले. त्यांच्यावरचा राग तिथेच उतरला. ज्यांनी पुस्तकाबाहेरचं विचारायचं ठरवलं आणि ते शिकवायची सोय मात्र फी घेणाऱ्या क्लासवर सोडली, त्यांच्यावरचा उतरला नाही, उतरणारही नाही. मी एक तास मागितला. सर म्हणाले, पोर्शन राहिलाय.

माझ्या बहिणीला शिष्यवृत्ती मिळाली. ती पोलादपूरला जाते. तिच्या शेजारी बसणारी मुलगी तिच्याइतकीच हुशार. तिने सरांनी सांगितल्याप्रमाणे ती गणितं कोरी सोडली. तिचं नाव थोडक्यात राहिलं. ती आता शेळ्यांमागे असते.

तुम्हाला हे वाचून वाईट वाटलं असेल, तर तेवढ्यावर थांबू नका. या आठवड्यात जवळच्या शाळेत जा. आठवीच्या मुलांना विचारा, कोणती गणितं सोडायला सांगितलीत. जे सांगतील ते फळ्यावर मांडा आणि त्यांच्यासोबत बसून सोडवा. येत नसेल तर आधी शिका, पण जा.