गावात म्हणजे नेमकं कुठे

रविवार, ९ फेब्रुवारी. सकाळी साडेदहा. नारायण पेठ, आईचं घर, दुसरा मजला.

हजर: आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी. गैरहजर: बाबा. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. माझ्या नवऱ्याला बोलावलं होतं, पण "तुमच्या घरच्या गप्पांचंसुद्धा इतिवृत्त लिहिलं जातं, मी येत नाही," असं सांगून तो कर्वेनगरलाच थांबला.

विषय एकच होता. आईने यापुढे कुठे राहायचं?

आई या घरात भाऊ-भावजयीबरोबर राहते. भावाने शहराच्या पश्चिम टोकाला नवीन फ्लॅट घेतला आहे. दहावा मजला, दोन लिफ्ट, खाली बाग. पाडव्याला ताबा मिळणार आणि त्यानंतर हा फ्लॅट विकायचा. आई अर्थातच त्यांच्याबरोबर जाणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. भाऊ आईची हयगय करतो असं कोणी म्हणू नये. तिच्या डोळ्यांत थेंब वेळेवर पडतात, कारण तो मोबाइलवर गजर लावून ते स्वतः घालतो.

थेंब काचबिंदूचे आहेत. आईला समोरचं थोडंसं दिसतं, नळीतून पाहावं तसं. बाजूचं काही दिसत नाही. तरीही ती रोज सकाळी एकटी बाहेर पडते. जिन्याच्या पायऱ्या तिला पाठ आहेत. फाटकातून उजवीकडे वळलं की दूधवाल्याचा ओटा, मग पिठाची गिरणी, ती आवाजावरून कळते. पुढे मारुतीचं देऊळ, तिथे तेलाचा वास. कोपऱ्यावरची भाजीवाली तिला पाहिलं की "या आजी, डावीकडनं या, गाडी लावलीय मेल्यानं," असं ओरडते. या पेठेत आईला डोळ्यांची फारशी गरज पडत नाही. दुसरीकडे कुठेही नेलं, तर ती आंधळी होईल. अगदी दुसऱ्या दिवसापासून.

मी हे भावाला सांगितलं. तो उठला, कपाटातून एक फाईल काढली आणि माझ्यासमोर उघडून ठेवली.

"ताई, कलम एक वाच. तुझ्याच हातचं आहे."

माझ्याच हातचं होतं.

माझी नोकरी एका कारखान्याच्या करार विभागात. वाहतुकीचे, पुरवठ्याचे, भाड्याचे करार माझ्याकडे येतात. नोकरीच्या सुरुवातीला एका करारात "माल पुण्यात पोचवावा" एवढंच लिहिलेलं होतं. वाहतूकदाराने माल चिंचवडला उतरवला आणि निघून गेला. आमचे साहेब म्हणत होते हे पुणे नव्हे, वाहतूकदार म्हणत होता मग काय सातारा आहे का. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते आणि माल उन्हात पडून होता. तेव्हापासून कुठल्याही करारात मी आधी व्याख्या लिहिते. ज्याला सगळे गृहीत धरतात, त्याच शब्दावर भांडण होतं, हे मी नवीन मुलींना अजून शिकवते.

बाबांनी हा फ्लॅट भावाच्या नावावर केला, तेव्हा सोबत एक छोटा करारनामा करायचं ठरलं. मजकूर बाबांनी तोंडी सांगितला, टंकायला मी बसले. त्यांचं वाक्य मला अजून ऐकू येतं: "हिला शेवटपर्यंत गावातच ठेवायचं. गावाबाहेर न्यायचं नाही."

पेठेतली माणसं पेठांना गाव म्हणतात. मी लग्न होऊन कर्वेनगरला गेले, तेव्हा शेजारणी पिशवी घेऊन निघताना म्हणायच्या, "गावात जाऊन येते, काही आणायचंय?" पुढे मीही तेच म्हणायला लागले. त्याचा अर्थ कोणी कोणाला कधी विचारला नाही.

पण करारात "गाव" लिहिलं की ते खेडं होतं. मौजे अमुक, तालुका तमुक. वकील हसले असते. म्हणून मी "शहर" केलं आणि वर सवयीने व्याख्या टाकली: "शहर म्हणजे पुणे महानगरपालिकेची वेळोवेळी अस्तित्वात असलेली हद्द."

बाबांनी कच्चा मसुदा पेन्सिल घेऊन वाचला. "वेळोवेळी"भोवती गोल केला.

"हे कशाला?"

"हद्दी बदलतात, बाबा. उद्या करार जुना झाला असं व्हायला नको."

"आमचं गाव कशाला बदलतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "बरं. तुला कळतं त्यातलं." आणि सही केली.

ते गेल्यावर काही महिन्यांनी आसपासची बरीच गावं महापालिकेत आली. त्यांतल्याच एका गावात, जिथे अजून भाताची खाचरं दिसतात आणि रिक्षावाला "तिकडं कशाला, रात झाली की वापस रिकामं यावं लागतंय," म्हणतो, तिथे भावाचा फ्लॅट आहे. कागदावर ते शहर आहे. माझ्या व्याख्येप्रमाणे आईला तिथे नेणं म्हणजे शहरातल्या शहरात नेणं.

"मी काही कराराच्या बाहेर जात नाहीये," भाऊ म्हणाला. "वकिलांनाही दाखवलं. ते म्हणाले, ज्यांनी लिहिलंय त्यांनी काम चोख केलंय."

एरवी मला हे ऐकून बरं वाटलं असतं.

भावजय मध्ये पडली. "ताई, अहो, इथे लिफ्ट नाही. त्यांचा गुडघा बघा. जिन्यात पडल्या तर? तिथे खाली फिरायला खास ट्रॅक आहे, एकही गाडी नाही."

आतापर्यंत आई शेंगा सोलत ऐकत होती. "ट्रॅकवरून कुठे जातात?"

"कुठे नाही, आई. गोल आहे तो. फिरून परत आपल्याच दाराशी."

"मग निघायचं कशाला?"

भाऊ हसला. मग म्हणाला, "भाजी, दूध, औषधं, सगळं मोबाइलवरून घरी येतं तिथे."

"काय काय येतं ते मी विचारलं नाही. मला जाता येईल का, ते सांग."

मी वहीत "पर्याय" असा मथळा लिहिला आणि कर्वेनगरचं नाव काढलं. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर दोन खोल्या मिळण्यासारख्या आहेत.

"कर्वेनगर काय गावात आलं वाटतं?" आई म्हणाली. "तू तिथूनच पिशवी घेऊन गावात येतेस ना?"

मी कर्वेनगरवर काट मारली.

मग तिने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "मला एक सांगा. हे 'शहर' कोणी घातलं? ते तर गावात म्हणाले होते. मी इथेच बसले होते, चहा गाळत."

"मी घातलं," मी म्हणाले.

"का?"

"कायद्याच्या भाषेत गाव म्हणजे खेडं होतं, आई."

"मग त्यांना विचारायचंस, तुमचं गाव कुठून कुठवर. सांगितलं असतं त्यांनी. सगळ्या जगाला विचारतेस."

तिचा आवाज चढला नव्हता. भाऊसुद्धा खाली बघायला लागला. चोवीस वर्षांच्या नोकरीत मी शेकडो करारांत अशा गृहीत धरलेल्या शब्दांची हद्द लिहिली असेल. ज्या एका करारात माणूस समोर बसलेला होता, शब्द त्याचा स्वतःचा होता, तिथे मी कारखान्यातलं तयार वाक्य चिकटवलं. बाबांनी पेन्सिलीने गोल करून मला तो शब्द दाखवलाही होता.

शेवटी भाऊच म्हणाला, "ताई, मला आईला दुखवायचं नाहीये. पण 'गावात' म्हणजे कुठवर, हे मला कळलं पाहिजे. याच गल्लीत कुठे तळमजला भाड्याने बघायचा तर तेही जमवू, पण कुठे बघायचा? तू नेमकं लिहून आण. पुरवणी करार कर. वाचतो, पटलं तर सही करतो. पाडव्याच्या आत आण. नंतर माझ्या हातात नाही राहणार."

"आणि हिने परत शहर लिहिलं तर?" आईने विचारलं.

"तर तू पेन्सिल घे," तो म्हणाला.

जमिनीच्या कागदात चतुःसीमा लिहितात. पूर्वेस कोण, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. मी ठरवलं, आईच्या गावाची चतुःसीमा लिहायची, तिच्याबरोबर चालून. त्यानंतरच्या तीन शनिवारी आम्ही दोघी निघालो. तिचा हात माझ्या दंडावर, माझ्या हातात वही.

पहिल्या शनिवारी दक्षिण. लक्ष्मी रस्ता लागला तशी ती कडेला थांबली. "इथवर. पलीकडे दोन वर्षं गेले नाही. हॉर्न कुठून येतो ते कळत नाही." मी लिहिलं: दक्षिणेस लक्ष्मी रस्ता, अलीकडची कड.

दुसऱ्या शनिवारी पूर्व. पुस्तकांच्या दुकानांच्या चौकात ती म्हणाली, "इथे कोऱ्या वह्यांचा वास येतो बघ. हा आला की मी मागे फिरते." मी चौकाचं नाव लिहिलं. वासाचं कलम करता येईना, म्हणून ते समासात लिहून ठेवलं.

तिसऱ्या शनिवारी पश्चिम. नदीच्या रस्त्याच्या आधी एक उतार आहे, तिथे तिच्या गुडघ्यालाच हद्द कळते. लिहिलं.

काल उत्तरेची पाळी होती. ओंकारेश्वराच्या देवळाच्या दिशेला जरा गेलो आणि ती एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. दुखतंय का, विचारलं. नाही म्हणाली.

"इकडे मी एकटी कधी आले नाही. दर सोमवारी तुझे बाबा आणायचे. ते गेले, मग नाही." जरा थांबून तिने विचारलं, "हे माझ्या गावात धरायचं का गं?"

करारात असा प्रश्न आला, तर मी लगेच उत्तर देते. प्रत्यक्ष वापर की वहिवाटीचा हक्क, तारीख कुठली धरायची, सगळं मला ठाऊक आहे. तिला मी म्हणाले, "तू सांगशील तसं." तिने सांगितलं नाही. आम्ही परत आलो.

पुरवणी कराराचा मसुदा टंकून झाला आहे. "शहर" आणि "वेळोवेळी" दोन्ही काढले. भावाने गल्लीत तळमजल्याच्या दोन जागा विचारून ठेवल्या आहेत, पण सही चारी बाजू भरल्याशिवाय नाही म्हणतो, आणि त्याचं बरोबर आहे. पाडव्याला एकवीस दिवस उरलेत. वहीतल्या कामांच्या यादीत सगळ्यांपुढे खूण झाली आहे, एक सोडून.

उत्तरेस: