यादीतलं नाव

तिला आपण रोसेंदा म्हणू या. माझं तिच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेच्या फोटोच्या दिवशी. मी शिकवायचे त्या शाळेची ती झाडलोट करायची. फोटोवाल्याने हाक मारताच ती बादली उचलून आत निघून गेली. मला वाटलं, बुजरी असेल.

१९७८ साली 'ला रेल्ला' पुन्हा निघायचं ठरलं. स्पेनच्या यादवी युद्धाआधीचं डाव्या पक्षाचं हे आमचं कातालान भाषेतलं दैनिक. पुढे हुकूमशहा झालेल्या फ्रँकोचं सैन्य आलं तेव्हा बंद पडलं होतं. आता पक्ष पुन्हा उघडपणे काम करत होता. वर्गणीदार मी जमवत होते. पहिल्या अंकात सगळ्यांची नावं छापायची होती.

बेकरीत रोसेंदा भेटली.

"मला नको, बाई."

"आपल्या भाषेतलं वर्तमानपत्र, आणि तुला नको?"

"वाचीन की. नाव तेवढं लिहू नका."

बेकरीवाला उलेगेर म्हणाला, "फ्रँको मरून तीन वर्षं झाली, मावशी! अजून पलंगाखाली बघून झोपतेस का?"

सगळे हसले. मीही हसले.

पैशांची अडचण असेल, असं मी ठरवून टाकलं. तिची वर्गणी मीच भरली आणि नाव यादीत घातलं. तिला आनंद होईल, असं मला खरंच वाटलं होतं.

अंक निघाला त्या दिवशी ती शाळेत आली नाही. मी घरी गेले तर ती सामान बांधत होती.

"जुन्या 'रेल्ला'च्या वर्गणीदारांचे पत्ते मी लिहायची, बाई. वही माझ्याकडे. सैन्य जवळ आल्यावर ती जाळायला सांगितलं होतं. अक्षर इतकं सुरेख आलं होतं, जाळवेना. माळ्यावर ठेवली. त्यांना सापडली." तिने गाठोडं आवळलं. "वहीतल्या क्रमानेच नेलं एकेकाला. उलेगेरचा बाप सातवा."

"मला ठाऊक नव्हतं गं."

"लिहू नका म्हटलं होतं ना मी?"

म्हटलं होतं. समोरचा नको म्हणाला की थांबायचं, हे मी चौथीच्या मुलांना रोज शिकवत होते.

उलेगेर पुढे वारला. त्याला मी हे कधी सांगितलं नाही. रोसेंदाला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही.

ती आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. दुसऱ्या गावी भाचीकडे राहते. दारावर भाचीचं नाव आहे.