पळालेला माणूस

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही—बायकोलाही नाही. आत्ता लिहितानाही लक्ष दाराकडे आहे. रफिक आला तर?

रफिक माझा शाळेपासूनचा दोस्त. धामणगाव बढ्यात त्याचं शिलाईचं दुकान आहे, त्याला लागून माझं बियाण्यांचं. तरुणपणी फाल्गुन लागला की आम्ही जुन्या, ठासणीच्या भरमार बंदुका घेऊन चोरून तितर मारायला जायचो. त्या दिवसांत नर भांडखोर होतो, दुसऱ्या नराचा आवाज ऐकला की धावून येतो. रफिक तो आवाज तोंडानं हुबेहूब काढायचा. नियम एकच होता—पाठ झाडाला लावून बसायचं, आवाजामागे जायचं नाही. पाखरू आपल्याकडे येतं, आपण पाखराकडे जात नाही.

मी गेलो.

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसा मी पहिल्यापासूनच. त्या सकाळी मी वरच्या अंगाला बसलो होतो, रफिक नाल्यापलीकडे. बराच वेळ काही आलं नाही. मग पलीकडच्या बोराटीतून आवाज आला—इतका खरा की वाटलं, हा रफिक नव्हेच. वाटलं, की मी वाटून घेतलं? सरपटत जवळ गेलो. झुडूप हललं आणि मी बार काढला.

माणूस ओरडला.

मग मी काय केलं? लगेच धावलो नाही. नाल्यातून वळसा घेतला आणि खालच्या बाजूनं धापा टाकत आलो. रफिकच्या उजव्या डोळ्यातून रक्त येत होतं.

"कोन होता बे?" त्यानं विचारलं.

"एक जन पयताना दिसला मले," मी म्हणालो.

डोळा गेला. शिकार चोरटी, म्हणून गावात काट्याचं नाव सांगितलं. ते खोटं दोघांचं होतं. पळालेला माणूस मात्र माझ्या एकट्याचा. रफिक अजून त्याला भितो, बाजारात कोणी मागून आलं तरी दचकतो. आणि मी? मी रफिकला भितो. एखाद्या दिवशी तो सहज विचारेल—तू तं वरच्या अंगाले बसला होता, खालून कसा आला?

बंदुका आम्ही सोडल्या. पण फाल्गुनात तितर ऐकायला तो अजून जातो, आणि मला सोबत नेतो. परवाही गेलो. तो पळसाला टेकून बसला, उजव्या बाजूची जागा हातानं झाडली.

"तू इकून बस. इकडचं मले दिसत नाही. तो पयालेला आला तं तू हायेस."

मी तिथे बसलो.