फोटोवाल्या बाईंची सायकल

दवाखान्यात सगळे त्यांना फोटोवाल्या बाई म्हणत. सव्वीस वर्षं त्या लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढत होत्या. केसाएवढी चीरही त्यांच्या नजरेतून सुटत नसे, आणि हेच आता त्यांच्या मुळावर आलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी पाण्याच्या टाकीच्या उतारावर त्यांच्या अॅल्युमिनियमच्या सायकलची फ्रेम हँडलखाली मोडली. आधी कुरकुर नाही, काही नाही. काडकन आवाज झाला आणि बाई रस्त्यावर. खांद्याचं हाड गेलं.

हाड जुळलं, पण मन धजेना. बसच्या खिडकीतून कुणी सायकलवाला दिसला की त्यांची नजर आधी त्याच्या फ्रेमच्या जोडांवर जाई. सायकल सोडवतही नव्हती. दवाखाना नऊ किलोमीटर लांब. शिवाय मुलीला शब्द दिलेला, की सामान लादून तीन दिवसांत तिच्या गावी सायकलवर येईन. दोन्ही कामांना पुरेल अशी एकच सायकल हवी होती.

सायकलच्या दुकानातली ही चौथी खेप होती. म्हातारे मिस्त्री स्वतः पोलादाच्या फ्रेमा बनवत. भिंतीवर दोन टांगलेल्या होत्या. निळी हलकी, देखणी. शेवाळी जरा जड, पण तिच्यात जाड टायर मावत होते, आणि पुढे-मागे कॅरिअर, मडगार्ड बसवायला आटे पाडलेली भोकं होती.

बाईंनी पर्समधून भिंग काढलं आणि शेवाळी फ्रेमचा एकेक जोड तपासायला घेतला.

"सापडली का चूक, ताई?" मिस्त्रींनी विचारलं.

"अजून तरी नाही."

"पोलाद तुटतच नाही असं मी म्हणणार नाही. पण बहुतेक वेळा आधी रंगाला तडा जातो, करकरायला लागतं. आणि वेल्डिंगवाला कुठल्याही गावात मिळतो."

"आणि करकरलंच नाही तर?"

मिस्त्री बाईंच्या खांद्याकडे बघून म्हणाले, "हात फार पुढे ताणायला नकोत. एक नंबर लहान फ्रेम घ्या. सायकल जोडून देतो, ओझं लादून चालवून बघा. नाही पटली तर परत आणा."

रविवारी सकाळी बाई शेवाळी सायकल घेऊन त्याच उतारावर गेल्या. कॅरिअरच्या दोन्ही पिशव्यांत जुन्या चादरीत गुंडाळलेल्या विटा. सोबत नवरा.

"अहो, तुम्ही खाली जाऊन थांबा ना."

"नको. खाली थांबलो तर तू पडायची वाट बघतोय असं वाटेल."

बाईंनी पायडल मारलं. दोन्ही ब्रेकवर बोटं, दातांवर दात. निम्म्या उतारावर मागून खडखड सुरू झाली. त्या कशाबशा थांबल्या, सायकल भिंतीला टेकवली आणि जोड चाचपले. सगळे धड होते. कॅरिअरचा एक स्क्रू ढिला झाला होता.

नवरा धापा टाकत आला. "काय झालं गं? रडतेस कशाला?"

"काही नाही. स्क्रू आहे. आवाज झाला, म्हणून थांबता आलं."

त्यांनी पान्याने स्क्रू आवळला आणि सायकल ढकलत परत वर नेली. त्या सकाळी त्या तीनदा उतरल्या. तिसऱ्यांदाही बोटं ब्रेकवरच होती.

शेवाळी सायकल घरीच राहिली. त्या रोज तिच्यावरून कामाला जाऊ लागल्या आणि महिन्याभराने मुलीच्या गावाला निघाल्या. तीन दिवसांचे चार लागले, कारण प्रत्येक मोठ्या उताराआधी त्या उतरून जोड बघत होत्या. चौथ्या दुपारी मुलीने दार उघडलं.

"आई, रंग कसला घेतलास हा?"

"बसू दे आधी," बाई म्हणाल्या आणि पायरीवरच टेकल्या. परतीच्या वाटेवरचे सगळे उतार डोळ्यांपुढे होते. मुलीने पाणी आणलं, तेव्हा त्या बोटांवर उतार मोजत होत्या.